खारपाणपट्ट्यात बोअरच्या खाऱ्या पाण्यावर कोणती तेलबिया घ्यावी?

वावर_दर्यापूर
नमस्कार मंडळी. आमचं वावर दर्यापूर तालुक्यात, पक्का खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. खरिपात मूग, तूर आणि मूग निघाला की ओलीवर हरभरा, एवढंच चालत आलंय. यंदा बोअर घेतला, पाणी चांगलं लागलं पण तोंडात धरवत नाही. रिपोर्टमध्ये ईसी (खारटपणाचा आकडा) ३.२ आणि आरएससी (पाण्यातलं जादा कार्बोनेट-बायकार्बोनेट, ज्याने जमिनीत सोडियमचा त्रास वाढतो) ४.२ आलंय. मावसभाऊ म्हणतो उन्हाळी भुईमूग लाव स्प्रिंकलरवर, पैसा होते. यूट्यूबवर पाहतो तर राजस्थानात याच्याहून खारट पाण्यावर मोहरी डोलते आहे. मग आपल्याकडं काहून नाही? दोन एकर तेलबिया घ्यायची आहे, कोणती घेऊ सांगा.

काळी_माती
भाऊ, भुईमूग तर अजिबात नको. मातीतली ईसी ३.२ च्या वर गेली की त्याचं उत्पादन घसरायला लागतं आणि ४.९ ला निम्म्यावर येतं, आणि उन्हाळ्यात तुम्ही आठवड्या-आठवड्याला हेच पाणी देत राहणार म्हणजे मीठ साचतच जाणार. त्यात शेंगा कॅल्शियम थेट मातीतून घेतात आणि तुमच्या पाण्यातलं बायकार्बोनेट तेच कॅल्शियम बांधून टाकतं. वरून जमीन चोपण (सोडियमने घट्ट) होऊन कडक झाली तर आऱ्या, म्हणजे शेंगा धरणारे कोंब, आत घुसणार कशा? आणि खाऱ्या पाण्याचं स्प्रिंकलर म्हणजे पानांच्या कडा जळणार, ते कोणत्याच पिकाला नको.

मरुधर_मराठी
मी नोकरीनिमित्त नागौरकडे असतो, इथली मोहरी रोज बघतो म्हणून लिहितोय. मोहरी खारेपणा सोसते हे खरंच आहे, कर्नालच्या मृदा लवणता संस्थेने सीएस ५४, सीएस ५६ अशी खास वाणं पण काढलीयेत. पण व्हिडिओत जमीन कोणी दाखवत नाही हो. इकडं रेताड माती, दिलेलं मीठ पावसाळ्यात खाली धुऊन जातं, पुढच्या रब्बीला जमीन परत बऱ्यापैकी मोकळी. तुमच्याकडच्या पूर्णा नदीकाठच्या काळ्या मातीत निम्म्याहून जास्त चिकणमाती, निचरा नावालाच, त्यात सोडियम गेलं की मातीचे कण सुटे होऊन छिद्रंच बुजतात आणि मग पावसाचं गोड पाणी सुद्धा आत मुरत नाही. म्हणजे एका हंगामाचं नुकसान नाही, वावरच हातचं जातं. शिवाय मोहरीला थंडी लांब लागते, वऱ्हाडात फेब्रुवारीतच ऊन तापतं. हौस असेल तर चार ओळी लावून बघा, दोन एकर नको.

तेल्हारा_करडई
करडई लावा, डोळे झाकून सांगतो. मुळं खोल जातात, खालची ओल ओढून आणतात, त्यामुळं ते खारं पाणी कमीत कमी लागतं आणि खरा फायदा तोच आहे. मूग निघाल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा, ४५ बाय २० सेंमी. पीकेव्ही पिंक किंवा एकेएस २०७ घ्या, दोन्ही अकोल्याच्या विद्यापीठाची. उगवण ओलीवरच होऊ द्या, रोप लहान असताना खारं पाणी लागलं तर तग धरत नाही. काटे आले की रोही (नीलगाय), डुकरं फिरकत नाहीत, आमच्या भागात ही गोष्ट उत्पन्नाइतकीच मोठी आहे. काढणी पहाटे दवात करायची, काटे नरम असतात. मावा मात्र येतो, डिसेंबरात कडेच्या ओळी बघत राहा, सुरुवात तिथूनच होते.

वावर_दर्यापूर
करडई पटली. म्हणजे बोअरचं पाणी द्यायचंच नाही का? खर्च तर होऊन बसला.

काळी_माती
द्या, पण एकच पाळी, फार तर दोन. पहिली साधारण महिन्याचं पीक असताना, जमिनीला भेगा पडायच्या आधी. भेगा पडल्यावर दिलं तर पाणी भेगांतून भडाभडा खाली जातं, नको तेवढं बसतं. सरीतून, हलकं द्या, कुठंच साचू देऊ नका, करडई साचलेल्या पाण्यात उभ्या उभ्या मरते.
आणि जिप्सम (कॅल्शियमचं खनिज) लागेलच. हिशोब सोपा आहे, १ आरएससी मारायला हजार लिटरला ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम. एकरी ५ सेंमीची पाळी म्हणजे २ लाख लिटर, तर एका आरएससीला १७ किलो. तुमचं ४.२ वरून २.२ वर आणायचं तर एकरी ३४-३५ किलो दर पाळीला, बाजारातलं जिप्सम शुद्ध नसतं म्हणून थोडं जास्तच धरा. छोट्या हौदात जिप्समचे खडे टाकून त्यातून पाणी काढलं तरी चालतं. याने फक्त सोडियमचा त्रास कमी होईल, खारटपणा तसाच राहणार. म्हणून पाळ्या वाढवू नका.
माती पण तपासा, पीएच ८.५ च्या वर निघाला तर जमिनीसाठी जिप्सम वेगळं, ते रिपोर्ट बघून उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या आधी टाका.

तेल्हारा_करडई
आणि जमलंच तर शेततळं घ्या. करडईला लागणारं एक पाणी पावसाचंच देता आलं तर बोअर चालू करायची गरजच नाही.