लइराईच्या बहिणी नेमक्या किती?

पुष्कळजण विचारतात की गोव्यातल्या शिरगावची लइराई देवी धरून सात बहिणी, मग गावोगावी नावं वेगळी का ऐकू येतात. आमच्या बार्देश तालुक्यातही असंच आहे. लइराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाय ही नावं बहुतेकांच्या तोंडी असतात. बाकीची सांगणाऱ्याच्या गावाप्रमाणे बदलतात. मला यात चूक वाटत नाही. प्रत्येक गावाला आपली देवी त्या घरातलीच हवी असते.

पण खरी बहीण विसरू नका: मिराबाय. ती म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्र सायबीण, म्हणजे मारिया माता झाली, असं लोक मानतात. ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी, सोमवारी तिचं फेस्त (चर्चचा उत्सव) असतं. तेव्हा हिंदूही रांगेत उभे राहून तेल वाहतात. लइराईकडून तेल आणि सायबिणीकडून फुलं, अशी बहिणींची देवघेव जुनी आहे. पोर्तुगीज काळात देवळं पडली, देव नदीपलीकडे गेले, तरी हे नातं लोकांनी तोडलं नाही. मला याचा फार अभिमान वाटतो.

या बहिणींचा भाऊ खेतोबा. त्याला रागाने लाथ मारली म्हणून लइराईने प्रायश्चित्त घेतलं, ती निखाऱ्यांवरून चालली, अशी कथा. म्हणून वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेला धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, उपास करून, तळीत न्हाऊन, हातात वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याचे कळे घालून होमखणातून, म्हणजे पेटत्या निखाऱ्यांतून जातात. देवळात मूर्ती नाही, देवी कळसरूपात आहे. आणि जत्रेनंतर कितीतरी दिवस घरात तो मोगऱ्याचा वास राहतो.