मालदीवमधून घरी पैसे पाठवणे: पगार रुफियात, हप्ता रुपयांत. सल्ला हवा

पंचगंगाकाठ
बहीण मालदीवच्या एका लांबच्या बेटावर शाळेत शिक्षिका म्हणून रुजू होतेय. पगार रुफियात आहे. इकडे गृहकर्जाचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो आणि आईचं खातं जिल्हा मध्यवर्ती बँकेत आहे. पैसे कोणत्या मार्गाने पाठवावेत? निघण्याआधी इथे काय करून ठेवावं? एखादं चांगलं ॲप असेल तर तेही सांगा.

खतावणी
ॲपचा विचार सोडा. रुफिया मालदीवबाहेर कुणी घेत नाही, त्यामुळे वाईजसारख्या सेवेत रुफिया भरून इकडे रुपये काढता येत नाहीत. पैसे पाठवणं अवघड नाही, रुफियाचे डॉलर मिळवणं अवघड आहे.

अधिकृत दर डॉलरला १५.४२ रुफिया. २०११ मध्ये दराचा पट्टा ठरला त्याचं हे वरचं टोक, आणि दर वर्षानुवर्षं तिथेच चिकटून बसलाय. बँक या दराने डॉलर देते, पण मोजूनमापून. बँकेबाहेर तोच डॉलर १८ ते २० ला विकला जातो. म्हणजे १५,४२० रुफियांचे बँकेत १,००० डॉलर होतात आणि बाहेर २० च्या दराने जेमतेम ७७१. एजंट पगार 'डॉलरमध्ये इतका पडतो' म्हणून सांगतो तेव्हा कोणत्या दराने, ते विचारा.

रिसॉर्टच्या नोकऱ्यांत पगार बऱ्याचदा डॉलरमध्ये असतो. तिथे डॉलर खातं उघडलं की ही कटकट जवळपास संपते. रुफियातल्या पगारात मात्र 'घरी किती जातील' हे बँकेच्या कोट्यावर ठरतं.

पंचगंगाकाठ
कोटा म्हणजे नेमका किती?

माले_मुक्काम
आकडा इथे विचारू नका, कारण तो बदलतो आणि बदलला की बहुधा खालीच येतो. स्टेट बँक ऑफ इंडिया राजधानी मालेत १९७४ पासून आहे. भारतीय नोकरदार आधी तिथेच जातात, पण दरमहा किती डॉलर बाहेर जाऊ देणार ते बँक सूचना काढून ठरवते. रुजू होण्याच्या आठवड्यातली सूचना बघा आणि हप्त्याचा हिशेब त्यावर करा. न वापरलेला कोटा पुढच्या महिन्यात मिळेल असं गृहीत धरू नका.

रुफिया खात्याच्या कार्डावर 'भारतात गेल्यावर एटीएममधून काढू' हा बेतही भरवशाचा नाही. २५ ऑगस्ट २०२४ ला बँक ऑफ मालदीव्हजने रुफिया कार्डांचे परदेशी व्यवहार थांबवले होते. निर्णय त्याच दिवशी मागे घेतला, पण मर्यादा कशा एका झटक्यात बदलतात ते त्यातून कळलं. देश जवळपास सगळं आयात करतो आणि डॉलर मुख्यतः पर्यटनातून येतात, मग टंचाई आली की पहिली कात्री अशा ठिकाणी लागते.

खातं उघडायला मालेला स्पीडबोट किंवा फेरीने यावं लागेल. पासपोर्ट, वर्क परमिट कार्ड, नेमणुकीचं पत्र, पगाराची स्लिप आणि इकडच्या खात्याचा तपशील एकाच फेरीत न्यायचा. एक कागद राहिला तर पुन्हा बोटीचं भाडं. पुढचे महिने ऑनलाइन पाठवता येतील का, हे त्याच खेपेला काउंटरवर विचारून घ्यायचं.

खतावणी
आता इकडची बाजू. जिल्हा बँकेतल्या खात्यावर परदेशातून पैसे मागवू नका. अशा बहुतेक बँकांना स्वतःचा स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारात बँक ओळखण्याचा कोड) नसतो, रक्कम दुसऱ्या बँकेमार्फत फिरते, अडकते किंवा परत जाते. पतसंस्थेचा तर प्रश्नच नाही.

बहीण निघण्याआधी राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत एनआरई खातं (अनिवासी भारतीयाची परदेशातली कमाई रुपयांत ठेवायचं) उघडायची तयारी करा. व्हिसा आणि नेमणुकीचं पत्र लागतं. तिचं आत्ताचं बचत खातं एनआरओ (अनिवासीचं इकडच्या उत्पन्नासाठीचं) करून घ्यावं लागेल, फेमाचा म्हणजे परकीय चलन कायद्याचा नियम आहे. एनआरईवरचं व्याज करमुक्त, एनआरओवरच्या व्याजातून ३० टक्के टीडीएस अधिक अधिभार-उपकर. हप्ता एनआरईतून थेट कापून घेता येतो. आईच्या खर्चाचे पैसे तिथून एनईएफटीने जिल्हा बँकेत पाठवा, ते चालतं.

फॉर्म भरताना चुका होतात त्या इथे:

– नाव. पासबुकावर 'आडनाव नाव वडिलांचं नाव' आणि फॉर्मवर पासपोर्टचा क्रम असला की रक्कम तपासणीत थांबते. पासबुकावर जसं आहे अगदी तसंच लिहा.
– आयएफएससीमधलं पाचवं अक्षर शून्य असतं, इंग्रजी ओ नव्हे.
– गावच्या शाखेला स्विफ्ट कोड नसेल तर बँकेच्या परकीय चलन शाखेचा घ्या आणि खाते क्रमांक पूर्ण लिहा.
– उद्देशात 'कुटुंबाचा खर्च व बचत' लिहा. इकडे त्याचा कोड पी१३०१.

शुल्काच्या रकान्यात 'ओयूआर' म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, 'एसएचए' म्हणजे वाटून. एसएचएमध्ये वाटेतली बँक १५–२५ डॉलर कापू शकते. कोटा लहान असेल तर हे फार लागतं, म्हणून दोन्ही पर्यायांत हातात किती पडतात ते विचारा. शिवाय इकडे चलन बदलण्यावर जीएसटी आहे, किमान ४५ रुपये, एक लाखाच्या रूपांतरावर १८०.

वल्हं
वारांचं गणित कुणी सांगितलं नाही. माले आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, पण बँकांना सुट्टी शुक्रवार-शनिवार. आपल्याकडे रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार. डॉलर न्यूयॉर्कमधल्या बँकेतून फिरत असतील तर तिथे शनि-रवि बंद. गुरुवारी दुपारी दिलेला फॉर्म पुढचा सोमवार-मंगळवार गाठतो. रविवारी दुपारी दिला तरी चाक सोमवारीच फिरतं. रमजानमध्ये कामाचे तास कमी होतात. ५ तारखेचा हप्ता असेल तर आधीच्या महिन्याच्या २५ च्या आत पाठवा आणि एनआरईत एक हप्ता कायम शिल्लक ठेवा.

पंचगंगाकाठ
तिथले काही जण म्हणे रुफिया घेतात आणि दहा मिनिटांत इकडे यूपीआयने रुपये टाकतात. दरही बरा देतात. कितपत सुरक्षित?

खतावणी
अजिबात नाही. ही हुंडी, म्हणजे हवाला आहे. फेमाच्या कलम ३ खाली अधिकृत व्यक्तीला वगळून परदेशस्थाच्या वतीने पैसे घेणं बेकायदा आहे, दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. पण झटका त्याआधीच बसतो. रुपये अनोळखी खात्यातून येतात. ते कुणाच्या ऑनलाइन फसवणुकीतले निघाले, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार झाली, की आईचं खातं गोठतं. मग पेन्शनही त्यातच अडकते आणि दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांशी पत्रव्यवहार करत बसायचं. शिवाय असे रुपये एनआरईत भरता येत नाहीत.

माले_मुक्काम
कोट्यात न मावणारे रुफिया तिथेच खर्ची घाला. भाडं, जेवण, फोन रुफियात. परतीचं तिकीट मालेतला एजंट रुफियात देत असेल तर तेही. चुलत्या-मावश्यांनी इकडून डॉलर पाठवले तर ते डॉलर खात्यातच घ्या, एकदा रुफिया झाले की परत निघत नाहीत.

नोकरी सोडताना वर्क परमिट रद्द होण्याआधी शेवटच्या हिशेबाचं पत्र घेऊन बँकेत जायचं, निदान महिनाभर आधी. इकडे परतल्यावर एनआरई खातं साधं करून घ्या. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आरएफसी खातं (परतलेल्यांसाठीचं परकीय चलन खातं) मागा.