मदत हवी आहे: १७ चा बोल्ट कोल्हापुरात मिळेना

ऊसकरी:
जरा लवकर सांगा कुणीतरी. १७ चे चार बोल्ट पाहिजेत. दोन तुटलेत. एक दुकानदार म्हणतो १७ चा बोल्ट नसतोच, दुसऱ्याला पाना दाखवला तर त्यानं एक काढून दिला, तो दोन-तीन आटे जातो आणि पुढं अडकतो. पान्यानं जोर लावून बसवू का? उसाची बाळभरणी (रोपाला माती लावणं) अडलीय.

रंकाळाकर:
जोर अजिबात लावू नका, आतले आटे मरतील. बोल्ट कशाचा आहे ते लिहा की आधी.

लेथवाला_शिरोली:
१७ हा पान्याचा नंबर झाला, बोल्टचा नव्हे. पाना डोक्याला बसतो, बोल्टचं माप आट्यांवरच्या जाडीचं. १० चा पाना म्हणजे साधारण एम ६ (६ मिमी जाडीचा), १३ म्हणजे एम ८, १७ म्हणजे एम १०, १९ म्हणजे एम १२. आता एम १० ला १६ चं डोकं पण येतं, तेव्हा नुसत्या पान्यावर जाऊ नका, जाडी मोजायला व्हर्नियर लावा. आणि लांबी डोक्याच्या खालून टोकापर्यंत घ्या, डोकं धरायचं नाही.

जुना_फिटर:
हे तीन सूत असणार बघा. आमच्या काळात ऑइल इंजिनावर सगळं सुतातच चालायचं, उद्यमनगरात कुणालाही विचारा.

लेथवाला_शिरोली:
काका, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन सूत ९.५ मिमी भरतं. माप येऊ दे मग ठरवू. घोटाळा खरा अडीच सुतात होतो, ते ७.९४ आणि एम ८ पण तेवढाच दिसतो, तिथं आटेच मोजावे लागतात.

ऊसकरी:
टिलर आहे, चाकाच्या हबचे बोल्ट. शेजारच्या वर्कशॉपातनं व्हर्नियर आणला, न तुटलेल्यावर ९.८ दाखवतंय. लांबी ३५.

पन्हाळा_७:
तुटलेला तुकडा आत राहिला असेल तर डिझेल सोडून रात्रभर ठेवा आणि एक्स्ट्रॅक्टरनं उलटा फिरवा, बहुतेक वेळा निघतो.

ऊसकरी:
तुकडे निघालेत हो, ते विचारलंच नाही.

लेथवाला_शिरोली:
९.८ म्हणजे एम १०, बोल्ट नावापेक्षा जरा बारीकच भरतो. आता पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बघा. एका आट्याच्या शेंड्यावर पट्टीचा शून्य धरा, त्याच्या पुढचे दहा आटे मोजा. १५ मिमी भरले तर पिच १.५, साडेबारा भरले तर १.२५. दुकानात नुसतं एम १० म्हटलं की १.५ चाच हातात देतात. जुना आणि नवा बोल्ट आट्यात आटा घालून उजेडाकडं धरा, फट दिसली की पिच वेगळी.

करवीर_हार्डवेअर:
एवढं मोजायचं कशाला, जुना बोल्ट खिशात टाकून उद्यमनगर गाठा, मी कायम सँपलच नेतो. आणि घेताय तर स्टेनलेस घ्या, शेतात गंज लागत नाही.

लेथवाला_शिरोली:
सँपल न्याच, पण आधी मोजून न्या, गर्दीत काउंटरवरचा पोरगा नजरेनंच जुळवून देतो आणि परत हेलपाटा. स्टेनलेस मात्र इथं नको. नेहमीच्या ए२-७० स्टेनलेसची तुटायची ताकद किमान ७०० मेगापास्कल धरतात आणि कायमचं ताणलं जायची किमान ४५० च. ८.८ ग्रेडच्या बोल्टची ८०० आणि ६४०. चाकावर सगळा झटका बोल्टवर येतो. डोक्यावर काय आकडा आहे?

करवीर_हार्डवेअर:
माझ्या फवारणी पंपाला चार वर्षं स्टेनलेसच आहेत, काही झालं नाही.

रंकाळाकर:
पंप आणि टिलरचं चाक एक कसं होईल भाऊ.

वारणाकाठ:
टिलर कितीला पडला? अनुदान मिळालं का?

ऊसकरी:
दहा आटे साडेबारा मिमी. डोक्यावर ८.८ आहे. दुकानातल्याचे १५ भरले, म्हणून अडकत होता तर.

लेथवाला_शिरोली:
झालं मग. कागदावर लिहून न्या: एम १०, पिच १.२५, लांबी ३५, ८.८. फाइन आटा म्हणून सांगा, गाड्यांच्या पार्टच्या दुकानात लवकर मिळेल. चारही बदला, जुने दोन ताणलेले असणार. आधी हातानं फिरवा, शेवटपर्यंत गेला तरच पाना लावा, आणि तासभर चालवल्यावर पुन्हा एकदा आवळा.

ऊसकरी:
मिळाले, उद्यमनगरातच. चारही हातानं पूर्ण गेले, वाशर टाकून आवळले, टिलर रानात आहे. लेथवाले दादा, लै उपकार झाले. अनुदानाचं विचारणाऱ्यांनी मेसेज करा, तिथं सांगतो.