बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर सुटल्यावर उत्तरं जुळवायची नाहीत? का नाहीत?

मांजराकाठ
काल आपल्या पालकांच्या ग्रुपवर एका क्लासवाल्या सरांची पोस्ट फिरायली होती. "पेपर सुटला की लेकराला गेटवरूनच घरी न्या, कुणाशी बोलू देऊ नका. उत्तरं जुळवणारी मुलं पुढच्या पेपरात मार खातात." खाली सगळ्यांचे अंगठे. मला हे अजिबात पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहायलोय.

दोन दहाला पेपर सुटला तेव्हा मी केंद्राबाहेरच होतो. पोरं घोळक्यानं उभी. सेक्शन बी आणि सी, दोन्हींत बारापैकी आठ सोडवायचे, त्यामुळं पहिला प्रश्न "तू कोणते आठ घेतलेस?" हाच. एक मुलगी दोघांना सांगत होती की फर्स्ट ऑर्डर रिअॅक्शन ९९.९ टक्के व्हायला हाफ लाइफच्या, म्हणजे अर्धा पदार्थ संपायला लागणाऱ्या वेळेच्या, दहापट वेळ लागतो. एकानं विचारलं, "दहापटच कशी काय?" तिनं तळहातावर लिहून दाखवलं: हजारातला एकच भाग उरतो, हजाराचा लॉग ३, गुणिले २.३०३ म्हणजे ६.९०९, त्याला ०.६९३ नं भागलं की जवळपास १०. ते पोरगं म्हणालं, "आता कळलं."

ट्युशनच्या बॅचमध्ये मागच्या बाकावर बसून वर्षभर तोंड न उघडलेलं पोरगं तिथं प्रश्न विचारत होतं. हे शिकणंच आहे. सीईटी, नीटला हेच चॅप्टर आहेत. त्याला गेटवरून उचलून नेलं असतं तर शंका मनात घेऊन एकटंच बसलं असतं ना घरी?

अहमदपूरची_आई
दादा, तुम्ही गेटवर बघितलं. घरात काय होतं ते मला विचारा. माझ्या लेकीनं फिजिक्सच्या दिवशी मैत्रिणींशी उत्तरं जुळवली. दोन एमसीक्यू चुकले म्हणाली आणि जेवली नाही. रात्री दोनला उठून बघते तर पुस्तक उघडं आणि डोळ्याला पाणी. त्या दोन मार्कांपायी केमिस्ट्रीचं रिव्हिजन गेलं. गेलेला पेपर काही परत येणार आहे का? तळहातावर सांगणारी पोरगी हुशार होती, तिचं काय जातंय. ऐकणारं लेकरू खचतं.

औसा_रोड
मी स्वतः ट्युशन घेतो, ती पोस्ट माझी नाही, पण त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. काल माझी चार पोरं रडत आली. गॅस २ बार बाहेरच्या दाबाविरुद्ध १० पासून २० डेसिमीटर क्यूबपर्यंत पसरतो, वर्क काढा. अर्ध्यांचं उत्तर +२ किलोज्यूल, अर्ध्यांचं –२. गेटवर कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं की प्लसच बरोबर, आणि ज्यांचं बरोबर होतं तेच रडायला लागले. उद्या गणित आहे. याला शिकणं म्हणता?

मोंढा_नाका
प्लस का चूक? गॅस पसरला म्हणजे गॅसनं काम केलं. केलेलं काम प्लस. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, आयुष्यभर असंच काढत आलोय. माझ्या पुतण्यानं मलाच विचारून तयारी केली होती.

चॉक_डस्टर
मग पुतण्याचं चिन्ह चुकलं, माफ करा. बारावीच्या केमिस्ट्रीत डब्ल्यू, म्हणजे वर्क, बरोबर मायनस पी डेल्टा व्ही: उणे दाब गुणिले आकारमानातला फरक. गॅस पसरतो तेव्हा त्याची ऊर्जा बाहेर जाते, म्हणून उणे. –२० डेसिमीटर क्यूब बार, म्हणजे –२००० ज्यूल, म्हणजेच –२ किलोज्यूल. हे आययूपीएसीचं, म्हणजे केमिस्ट्रीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं चिन्ह आहे, माझ्या मनचं नाही.

मोंढा_नाका
सर, पोरांचं फिजिक्सचं पुस्तक उघडा. त्यात डेल्टा यू (आतल्या ऊर्जेतला फरक) बरोबर क्यू (दिलेली उष्णता) वजा डब्ल्यू आहे. गॅसनं केलेलं काम प्लस. ते पुस्तकही बालभारतीचंच. मग माझं चूक कसं? शिक्षकांनी आधी दोन्ही पुस्तकं वाचावीत.

चॉक_डस्टर
दोन्ही वाचली आहेत, वर्षानुवर्षं शिकवतोय. फिजिक्सचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, नाकारत नाही. पण पेपर केमिस्ट्रीचा होता.

मांजराकाठ
अहो, हाच तर मुद्दा आहे! एकच लेकरू, एकच वर्ष. फिजिक्सला क्यू वजा डब्ल्यू, केमिस्ट्रीला क्यू अधिक डब्ल्यू, आणि दोन पेपरांत जेमतेम दोन दिवस. नीटला तर दोन्ही एकाच पेपरात. हा घोळ कुठल्या क्लासनं फळ्यावर शेजारी शेजारी मांडून दाखवला? गेटवर पोरं भांडली म्हणून आज आपण इथं बोलायलोत.

उत्तरं जुळवण्यात अर्थ नाही म्हणणाऱ्यांनी २०२४ ची नीट आठवावी. अणूवरच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर धरली होती, कारण जुन्या एनसीईआरटीत वेगळं छापलेलं होतं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं आणि निकाल नव्यानं लावावा लागला. पोरांनी उत्तरं ताडून बघितलीच नसती तर हे कुणाच्या लक्षात आलं असतं?

बालाघाट
तुमचं चिन्हाचं भांडण चालू द्या. आमच्या गावच्या ज्युनिअर कॉलेजात वर्षभर केमिस्ट्रीला कायम शिक्षकच नव्हता. लॅबला कुलूप, तरी प्रॅक्टिकलचे तीसपैकी भरपूर मार्क सगळ्यांना. अर्ध्या वर्गाची नावं गावात आणि पोरं लातूर-नांदेडला रूम करून ट्युशनला. ज्यांच्या बापाला ते झेपत नाही त्यांनी कुठं विचारायचं? माझ्या भाच्याकडं थोरल्या भावाच्या वह्या, त्यातच डब्ल्यूला प्लस लिहिलेलं. त्याला वर्षात कुणी सांगितलं नाही, गेटवर सांगितलं.

औसा_रोड
पुन्हा ट्युशनवरच घसरलात. आम्ही नसतो तर याच मराठवाड्यातली पोरं एमबीबीएसला लागली असती का? मेरिट लिस्ट होती तेव्हा लातूरची नावं वाचून छाती फुगत होती, आता आम्हीच चोर.

बालाघाट
चोर म्हणालो नाही. फी भरणाऱ्याला तुम्ही सांगता, न भरणाऱ्याला मित्र सांगतो, आणि त्या मित्राशीच बोलू नको म्हणता. राग त्याचा आहे. माझ्या बहिणीनं हरभरा विकून फॉर्म भरलेत, तिला काय कळतंय गेटवरून कधी उचलायचं ते?

अहमदपूरची_आई
फी आम्हीही भरलीय आणि रात्री जागलोही आम्हीच. गरीब-श्रीमंत मधे आणू नका. रडणारं लेकरू दोन्ही घरांत असतं.

चॉक_डस्टर
मी पेपर तपासतो म्हणून सांगतो. पोरं फक्त शेवटचा आकडा जुळवतात, सगळं रडणं तिथून येतं. केमिस्ट्रीतल्या गणितांना पायरीला मार्क असतात: सूत्र, किमती घालणं, एककासहित उत्तर. आकडा चुकला म्हणून अख्खा प्रश्न जात नाही. एमसीक्यूचं मात्र वेगळं. तिथं पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं, आणि पहिलंच उत्तर धरतात. "मी नंतर खाली परत बरोबर लिहिलं" याला अर्थ नाही. निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, तेव्हा पायरी पायरी तपासा.

मांजराकाठ
बरोबर आहे सर. पण रीत जुळवायला दोघं लागतात, आणि ते दोघं त्या दिवशीच एकत्र असतात. परीक्षा संपली की एक किनवटला जाणार, एक गंगाखेडला.

अहमदपूरची_आई
एवढं मान्य करते की रीत जुळवली तर कळतं. पण सगळे पेपर झाल्यावर जुळवा. मधे नको. यावर मी हलणार नाही.

औसा_रोड
ताईंशी सहमत. आणि ठीक आहे, दोन्ही चिन्हं शेजारी लिहून दाखवायला पाहिजेत, पुढच्या बॅचला दाखवीन. पोस्टमधलं बाकी सगळं मला अजूनही मान्य आहे.

बारावी_पीसीएमबी
सर, मी कालच पेपर दिला. मी प्लस लिहून आलोय आणि मला गेटवरच कळलं. वाईट वाटलं, पण न कळता नीटला पुन्हा तेच लिहिलं असतं तर जास्त वाईट वाटलं असतं. आम्ही एकमेकांशी बोलावं का हे आम्हाला कुणीच विचारलं नाही. एवढंच सांगा, नीटला कोणतं चिन्ह धरायचं?

चॉक_डस्टर
केमिस्ट्रीच्या प्रश्नात गॅस पसरला की डब्ल्यू उणे, दाबला गेला की अधिक. फिजिक्समध्ये गॅसनं केलेलं काम विचारलं असेल तर पसरताना अधिक. डेल्टा यू दोन्हीकडं एकच यायला पाहिजे, त्यावरून ताळा कर. उदाहरणार्थ, क्यू ५ किलोज्यूल दिली आणि गॅस २ किलोज्यूलचं काम करून पसरला, तर फिजिक्सनं ५ वजा २, केमिस्ट्रीनं ५ अधिक उणे २. दोन्हीकडं ३. वेगळं आलं तर चिन्ह चुकलंय.