अनुदान कारखान्याला की घरच्या टाकीला?

वर म्हटलंय की खाद्य कीटकांच्या शेतीला अनुदान म्हणजे पैसा पाण्यात, आणि दाखला दिलाय सरकारी मदत मिळूनही २०२४ पासून डबघाईला आलेल्या फ्रान्सच्या इन्सेक्ट कंपनीचा. पण तिचा भर जनावरांच्या आणि माशांच्या खाद्यावर होता. तिथे स्पर्धा थेट स्वस्त सोयापेंडीशी.

थायलंड बघा. खोन केन विद्यापीठाने १९९८ च्या सुमारास माणसांनी खायचे रातकिडे पाळायचं तंत्र लोकांना शिकवलं, पुढे सुमारे २०,००० जणांनी ते उचललं. घरामागे सिमेंटची टाकी, आत अंड्यांचे रिकामे ट्रे, अंडी घालायला भाताच्या तुसाचं भांडं. दीड महिन्यात माल तयार. मोठा खर्च एकच, कोंबडीखाद्याचा. म्हणून मला मनापासून वाटतं, स्वस्त खाद्य शोधायला आणि प्रशिक्षणाला पैसा द्यावा. यंत्रांना नको.

आणि आपल्याकडे हे अगदीच नवं नाही. आसामात एरी रेशमाच्या अळ्या एरंडाच्या पाल्यावर वाढवतात, कोषातले किडे आवडीने खातात. त्या रेशीमशेतीला सरकारी मदत आहेच. मग किड्यालाही उत्पादन म्हणून धरा, स्वच्छ वाळवण्याची आणि साठवणुकीची सोय त्याच योजनेत करा. या अळ्या वाढवणाऱ्या बायकांच्या हाती दोन पैसे जास्त पडतील.