घरगुती श्रवणासाठी अ‍ॅम्प्लिफायर: क्लास ए, एबी की डी?

धागाकर्ता
जॉन लिन्स्ली हूड यांनी 1969 मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात दिलेला 10 वॅटचा क्लास ए (ज्यात ट्रान्झिस्टर सतत चालू राहतात असा) अ‍ॅम्प्लिफायर मी घरी बांधून वापरतो. गाणे सुरू असो वा नसो, त्याच्या डाव्या-उजव्या प्रत्येक वाहिनीत 27 व्होल्टवर 1.2 अँपिअर प्रवाह अखंड वाहतो. त्यामुळे दोन्ही वाहिन्या मिळून सुमारे 65 वॅट खर्च होतात आणि अर्ध्या तासानंतर हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर) तळहात टेकवत नाही. तरीही हळू आवाजात ख्याल ऐकणाऱ्याने फक्त क्लास ए घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. क्लास एबीमध्ये तरंगाचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा दुसरा. हा खांदेपालट तरंगाच्या शून्याजवळ होतो आणि तिथे आवाज थोडा बिघडतो; हळू लावलेल्या तानपुऱ्याची जवारी (तारांचा झंकार) नेमकी तिथेच असते.

प्रतिसाद 1
जवारीचा मुद्दा मान्य केला, तरी तबल्याचे काय? आपले स्पीकर 1 वॅटला 1 मीटरवर 86 डेसिबल देत असतील, तर 10 वॅटला 96 डेसिबल ही मर्यादा झाली. सरासरी पातळी 80 ठेवली आणि थाप क्षणभर 20 डेसिबलने वर गेली, तर 25 वॅट लागतात आणि आपला अ‍ॅम्प्लिफायर तिथे तरंगाचा माथाच छाटतो. क्लास डीमध्ये हीच ताकद जवळजवळ उष्णतेविना मिळते, कारण त्यातील ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतात किंवा पूर्ण बंद. मे महिन्यात, बंद खोलीत, हा फरक ऐकणाऱ्याच्या अंगाला जाणवतो. जुन्या क्लास डीमध्ये बाहेर पडतानाच्या फिल्टरमुळे वरचे स्वर स्पीकरगणिक बदलत, हे खरे आहे. मात्र ब्रुनो पुट्झेस यांनी फिलिप्समध्ये असताना विकसित केलेल्या यूसीडी या क्लास डी रचनेत फीडबॅक (चूक सुधारण्यासाठी आत परत पाठवलेला सिग्नल) फिल्टरमधून बाहेर पडल्यानंतर घेतला आहे, त्यामुळे ती तक्रार तिथे लागू होत नाही.

प्रतिसाद 2
दोघांनीही क्लास एबीला फार लवकर बाजूला सारले आहे. बायस (गाणे नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा ठरावीक प्रवाह) 100 मिलिअँपिअर असेल, तर 8 ओहमच्या स्पीकरवर सुमारे 0.16 वॅटपर्यंत दोन्ही ट्रान्झिस्टर सतत चालू राहतात, म्हणजे तोवर तो अ‍ॅम्प्लिफायर क्लास ए असाच चालतो. वरच्याच स्पीकरवर ही पातळी 78 डेसिबल होते, आणि घरातला आलाप बहुधा तिच्या आतच राहतो.

दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. माझ्या जुन्या एबी अ‍ॅम्प्लिफायरची एक वाहिनी बंद पडली, तेव्हा कारागिराने जळालेली ट्रान्झिस्टरची जोडी काढली, अभ्रकाची नवी चकती ठेवली, पेस्ट लावली आणि बायस पुन्हा जुळवून दिला. एका दुपारचे काम होते. क्लास डीच्या बारीक सुट्या भागांच्या बोर्डाला असा कारागीर हात लावत नाही, बहुतेक वेळा अख्खे मॉड्यूलच बदलावे लागते.

धागाकर्ता
78 डेसिबलचा हिशेब मी स्वतः करून पाहिला आणि तो बरोबर आहे, म्हणून ‘फक्त क्लास ए’ हा आग्रह मी मागे घेतो. मात्र तो हिशेब बायस नीट जुळवलेला असेल तरच टिकतो. बायस उतरला की जवारीवर पहिली खरखर येते, आणि ती ऐकूनही अनेकजण स्पीकरलाच दोष देतात.