मदत हवी आहे : जुन्या जी ३१ बोर्डावर स्क्रीनचा झूम अडखळतो, ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?

बोरीकाठ :

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात देणगीत आलेले दोन जुने संगणक आहेत. पोरं त्यावर टायपिंगचा सराव करतात, भरतीचे फॉर्म भरतात. त्यांचं काम कसंही भागतं. अडलंय ते आप्पांचं.

आप्पा म्हणजे गावातले निवृत्त शिक्षक. डोळ्यांच्या पडद्याचा त्रास आहे, समोरचं मधोमध धूसर दिसतं, त्यामुळे नजर जरा तिरकी धरून वाचतात. जुन्या सिस्टिमवर, म्हणजे लिनक्स मिंट १८ च्या मॅटे डेस्कटॉपवर, कॉम्पिझ (खिडक्यांचे इफेक्ट दाखवणारा प्रोग्राम) चालू होतं. सुपर बटण (विंडोजच्या चिन्हाचं) धरून माऊसचं चाक फिरवलं की अख्खा स्क्रीन मोठा व्हायचा आणि माऊस नेऊ तिकडे सरकायचा. आप्पा ओळीच्या सुरुवातीला माऊस ठेवायचे आणि सावकाश उजवीकडे नेत जायचे. रोजचे दोन पेपर आणि स्कॅन केलेले जुने अंक ते असेच वाचत. अनुस्वार, रफार, जोडाक्षराखालची उकाराची शेपटी एवढ्या मोठ्या आकारातच त्यांना ओळखू येते.

मिंट १८ चे अपडेट २०२१ मध्येच थांबले. ब्राउझर इतका जुना झाला की फॉर्मच्या साईट उघडेनात, म्हणून दुकानातून दोन्ही मशीनवर मिंट २२, सिनॅमन डेस्कटॉपसह, टाकून आणलं. सिनॅमनमध्येही ऑल्ट धरून चाक फिरवलं की झूम होतो, पण :

मशीन एक : झूम होतो, पण चित्र अडखळत सरकतं. आप्पांचं ओळीवरचं लक्ष तुटतं, दोन मिनिटांत डोकं दुखायला लागतं म्हणतात.

मशीन दोन : चालू झालं की कोपऱ्यात सूचना येते, 'सॉफ्टवेअर रेंडरिंग मोड'. दोन्ही कोअर शंभर टक्क्यांवर, कॅबिनेटला हात लावला तर चटका बसतो. आणि यावर अक्षरं थोडी रुंद, फेंगडी दिसतात.

दोन्हीत कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम, साधे लोकल एसएमपीएस (वीज देणारा डबा), साडेअठरा इंची मॉनिटर. जुनं कार्ड घालून काम होईल का, आणि कोणतं? समितीपुढे हजार-दीड हजारांपेक्षा जास्तीचा खर्च ठेवता येणार नाही. दिसायला सुंदर काही नको आहे मला. झूम गुळगुळीत हवा, बस.

धुळेकर :

विंडोज ११ टाका, त्यातला मॅग्निफायर उत्तम आहे.

सातपुडा_पायथा :

धुळेकर भाऊ, मॅग्निफायर चांगला आहे यात वाद नाही, पण विंडोज ११ ला डायरेक्टएक्स १२ चं ग्राफिक्स आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. कोअर टू ड्युओच्या बोर्डावर यातलं काहीच नाही. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या वाटेने गेलात तर दोन्ही मशीन भंगारात जातील.

बोरीकाठ, कार्डाचा विचार जरा थांबवा. आधी दोन्हीवर टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय' ही हार्डवेअरची यादी देणारी कमांड चालवा आणि व्हीजीएची ओळ इथे द्या. मग सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये रेंडरर (चित्र कोण रंगवतंय ते) काय लिहिलंय ते बघा. मशीन दोनचं रिझोल्यूशन किती आहे, तेही सांगा. अक्षरं रुंद दिसतात म्हणालात तिथेच मला शंका येते आहे.

बोरीकाठ :

पाहिलं. मशीन एक : '८२जी३३/जी३१ एक्स्प्रेस', रेंडररमध्ये 'आय ९१५' असं आहे, रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८.

मशीन दोन : '४ सिरीज चिपसेट', रेंडरर 'एलएलव्हीएम-पाइप', रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८. यादीत दुसरा पर्यायच येत नाही. दोन्ही कॅबिनेट बाहेरून सारखी आहेत, मला वाटलं आतही तेच असेल.

सातपुडा_पायथा :

मग हे दोन वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी.

मशीन दोन आधी घेऊ, कारण ते बरं होणारं आहे. '४ सिरीज' म्हणजे तुमच्याकडे बहुतेक जी ४१ बोर्ड, त्यात जीएमए एक्स ४५००. हे इंटेलच्या चौथ्या पिढीच्या घरातलं ग्राफिक्स. याला मेसामध्ये, म्हणजे लिनक्सच्या ग्राफिक्स लायब्ररीत, 'क्रोकस' नावाचा ड्रायव्हर आहे आणि त्यावर ओपनजीएल २.१ (थ्रीडी चित्रणाची पद्धत) मिळतं. सिनॅमनला तेवढं पुरतं. तरी तुमच्याकडे एलएलव्हीएम-पाइप दिसतंय, म्हणजे ग्राफिक्स चिप रिकामी बसली आहे आणि तिचं सगळं काम प्रोसेसर करतो आहे. विंडोची सावली, झूम, माऊस हलला की पुन्हा रंगवणं, सगळं त्या दोन कोअरवर. चटका बसतो तो त्यामुळे.

रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर अडकलंय, यावरून माझा अंदाज असा की इन्स्टॉल करताना 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडला गेला. त्यात कर्नलला 'नोमोडसेट' असा शब्द दिला जातो. स्क्रीन काळा पडत असेल तर इन्स्टॉलपुरता तो उपयोगी पडतो, पण नंतर काढला नाही तर इंटेलचा ड्रायव्हर कधी जागाच होत नाही. रुंद मॉनिटरवर चौकोनी चित्र ताणलं जातं, म्हणून अक्षरं फेंगडी.

करायचं असं : मशीन चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा, पहिल्या ओळीवर 'ई' दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीत 'नोमोडसेट' शोधा, तो शब्द खोडा आणि एफ १० दाबा. हा बदल एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे काही बिघडलं तरी पुढच्या वेळी मशीन जुन्यासारखंच उठेल. नीट उठलं तर ग्रबच्या सेटिंग फाइलमधून तो शब्द कायमचा काढून 'अपडेट-ग्रब' चालवा.

आता मशीन एक. जी ३१ मधलं जीएमए ३१०० हे नाव फसवं आहे. लॅपटॉपमध्ये एक्स ३१०० यायचं, ते चौथ्या पिढीचं. तुमचं बिगर-एक्सचं ३१०० तिसऱ्या पिढीचं, म्हणजे नात्याने जीएमए ९५० जवळचं. शेडर म्हणजे चित्र रंगवणारे छोटे ग्राफिक्स प्रोग्राम. त्यात व्हर्टेक्स शेडर हार्डवेअरमध्ये नाहीच, ते काम प्रोसेसर करतो. पिक्सेल शेडर आहे, पण त्याचा प्रोग्राम फार लांब चालत नाही : ६४ गणिती सूचना, टेक्श्चरच्या (चित्राच्या तुकड्यांच्या) ३२. कॉम्पिझ २००६ साली आलं तेव्हा अशीच कार्डं घरोघरी होती, म्हणून त्याची खिडक्या हलवण्याची, क्यूब फिरवण्याची, झूमची करामत बहुतेक जुन्या ठरीव पद्धतीने, शेडरशिवाय चालायची. आजचे डेस्कटॉप सगळं शेडरमधूनच रंगवतात. तिसरी पिढी त्यात अडखळते.

हे मला मनापासून खटकतं. चिप तीच आहे, आप्पांचे डोळे तेच आहेत आणि काल होणारं काम आज होत नाही. झूम सजावटीच्या इफेक्टबरोबर एकाच गाडग्यात बांधला गेला, की ब्लर आणि सावल्यांसाठी वाढवलेली अट कमी दिसणाऱ्या माणसालाही भरावी लागते.

पण वाट आहे. मशीन एकवर सिनॅमन सोडा, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घाला. सिनॅमन न काढता शेजारी घालता येतं, लॉगिनच्या वेळी निवडायचं. एक्सएफसीईचा विंडो मॅनेजर कंपोझिटिंग (खिडक्या जोडून पडद्यावरचं चित्र बनवणं) करतो ते एक्स-रेंडर या जुन्या टूडी पद्धतीने, त्याला शेडर लागत नाहीत. ४.१२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, त्यात ऑल्ट आणि चाकाचा झूम आहे. तिसऱ्या पिढीच्या चिपवर इंटेलचा जुना एक्स ड्रायव्हर एक्स-रेंडर छान वेगात करतो. डेबियन-उबंटूच्या घराण्यात चौथ्या पिढीपासून पुढे 'मोडसेटिंग' ड्रायव्हर लागतो, तिसरीला मात्र जुना इंटेल ड्रायव्हरच मिळतो. त्याचं पॅकेज इन्स्टॉल आहे ना, तेवढं तपासा.

झूम करूनही ओरखडे किंवा झटके आले तर कंपोझिटरचं 'व्हीब्लँक' सेटिंग (चित्राचा मॉनिटरच्या वेगाशी मेळ घालणारं) बदलून बघा. 'ऑटो' वर ते जीएलएक्स धरू शकतं आणि पुन्हा तोच थ्रीडीचा रस्ता. 'ऑफ' करून फरक पडतो का ते पाहा.

भुसावळ_जंक्शन :

वरचं सगळं बरोबर आहे. कार्डाबद्दल मी सांगतो, कारण प्रश्नात विचारलंय आणि पुढे कोणाला तरी लागेल.

जुन्या बाजारात स्वस्तात दिसतात ती जीफोर्स २१०, जीटी ६१०, जीटी ७१० आणि रेडिऑन एचडी ५४५०. जी ३१ वर पीसीआय एक्स्प्रेस एक्स १६ चा स्लॉट असतो, त्यात ही बसतात. जीफोर्स २१० ला एनव्हिडियाचा ३४० मालिकेचा ड्रायव्हर लागतो, त्याची शेवटची आवृत्ती २०१९ ची. नव्या कर्नलवर तो सरळ बसत नाही. जीटी ६१० चा ३९० मालिकेचा, तोही बंद. जीटी ७१० चा ४७० मालिकेचा, त्याचे सुरक्षा अपडेट २०२४ मध्ये थांबले. 'नूव्हो' या मुक्त ड्रायव्हरवर ही कार्डं चालतात, पण क्लॉक (कार्डाचा वेग) आपोआप वाढत नाही.

घ्यायचंच तर एचडी ५४५०. ड्रायव्हर मेसामध्येच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही, साधारण १९ वॅटचं असल्याने लोकल एसएमपीएसलाही झेपतं. एकच गोष्ट : त्यातली बरीच बिनपंख्याची येतात. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच पारा कुठे असतो ते तुम्हाला माहीत आहे. जिनिंग जवळ असेल तर हीटसिंकच्या फटींत कापसाची तूस बसते आणि हवा जाईनाशी होते. पंख्याचं घ्या, नाहीतर कॅबिनेटला बाजूने एक पंखा लावा. आणि कार्ड घ्यायच्या आधी प्रोसेसरच्या पंख्याखालची पेस्ट बदला, इतक्या वर्षांत ती वाळून खडू झालेली असते.

कपाशी :

माझ्या सासूबाईंसाठी हेच सगळं केलंय, म्हणून दोन गोष्टी. नुसत्या झूमवर राहू नका. एक्सएफसीईच्या 'अपिअरन्स' मध्ये फॉन्टचा डीपीआय ९६ वरून १४४ करा. मेनू, बटणं, फाइलची नावं सगळं दीडपट होतं आणि ग्राफिक्सवर काडीचा ताण येत नाही. मग झूम थोडासाच लागतो. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिक चिन्ह तर आहेच, पण स्कॅन केलेल्या पानांना झूमच हवा.

दुसरं, 'मॅग्नस' नावाचा छोटा प्रोग्राम आहे, माऊसभोवतालचा भाग वेगळ्या खिडकीत मोठा करून दाखवतो. त्याला कंपोझिटिंग लागत नाही. खिडकी स्क्रीनच्या एका बाजूला रुंद करून ठेवा. ज्यांना मधोमध दिसत नाही त्यांना मोठं चित्र एका ठरलेल्या जागी असलेलं सोपं जातं, असा आमचा अनुभव.

बोरीकाठ :

सगळ्यांचे आभार. मशीन दोनमध्ये 'नोमोडसेट' खरंच होतं. काढलं, १३६६ चं रिझोल्यूशन आलं, रेंडररमध्ये आता जी ४१ दिसतंय, सूचना गेली. सिनॅमनचा झूम सरळ चालतो.

मशीन एकवर एक्सएफसीई घातलं. सुरुवातीला चित्र उभं कापल्यासारखं दिसत होतं, व्हीब्लँक 'ऑफ' केल्यावर सरकणं एकसारखं झालं. डीपीआय १४४ केला. आप्पांनी पेपरचा अग्रलेख पूर्ण वाचला आणि म्हणाले, "आते बठ्ठं साफ दिखस." त्यांना हेच मशीन हवंय, मॅग्नसची खिडकी मात्र नको म्हणतात, ओळ तुटते.

शेवटचा प्रश्न : वाचनालयात एक फुल एचडी टीव्ही येणार आहे. तो आप्पांच्या मशीनला लावला तर झूम टिकेल का?

सातपुडा_पायथा :

टीव्ही एकटा लावलात तर टिकेल. तिसऱ्या पिढीच्या चिपला थ्रीडीत २०४८ पिक्सेलपेक्षा रुंद टेक्श्चर पेलत नाही, १९२० त्यात बसतं. मॉनिटर आणि टीव्ही शेजारी जोडून एकच लांब डेस्कटॉप केलात तर १३६६ आणि १९२० मिळून मर्यादा ओलांडली जाते आणि गडबड सुरू होते. बोर्डावर व्हीजीएच असेल, तेव्हा टीव्हीला व्हीजीएचं तोंड आहे का ते घेण्याआधी बघा. नसेल आणि मशीन दोनच्या बोर्डावर टीव्हीला चालणारं दुसरं तोंड असेल तर टीव्ही त्याला जोडायचा विचार करा, जी ४१ ला ही रुंदीची अडचण नाही.